सांगाडा एकदा, कागद दरवर्षी : घरच्या घरी पारंपरिक आकाशकंदील

दिवाळी तोंडावर आली की आठवडी बाजारात तयार आकाशकंदील टांगलेले दिसू लागतात. सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, कापूस अजून वेचणीला असतो, हातात पैसा आलेला नसतो. अशा वेळी दरवर्षी नवा कंदील विकत घेणं अनेक घरांना जड जातं. प्लॅस्टिकचा कंदील पुढच्या वर्षापर्यंत चेपतो, नाहीतर उन्हाने तडकतो. थर्मोकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

यावर जुनाच उपाय आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पतंगी कागद. सांगाडा नीट बांधला आणि जपून ठेवला तर कित्येक वर्षं चालतो. दरवर्षी बदलायचा तो फक्त कागद. म्हणून पहिल्या वर्षी मेहनत घ्यायची ती सांगाड्यावर.

काय काय लागेल

• २० सेंमी लांबीच्या सारख्या २४ कामट्या, साधारण अर्धा सेंमी रुंद
• जाड शिवणदोरा
• दोन-तीन रंगांचे पतंगी कागद
• मैदा किंवा गव्हाचं पीठ (खळीसाठी)
• टांगण्यासाठी सुतळी
• होल्डर, वायर आणि एलईडी बल्ब

घरी बांबू नसेल तर टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरूड कारागिरांकडे उरलेल्या कामट्या मिळतात. ओला बांबू सहज चिरला जातो, पण ओल्या कामट्या लगेच बांधू नयेत. वाळल्यावर त्या आक्रसतात आणि गाठी सैल पडतात. दोन-तीन दिवस सावलीत वाळवून, पॉलिश पेपरने कुसं काढूनच त्या वापराव्यात. शाळकरी पोरांना सरावासाठी मागच्या वर्षीच्या सरळ तुराट्याही चालतात, मात्र तो सांगाडा एका हंगामापुरताच धरावा.

कागद पतंगीच घ्यावा. तो पातळ असल्याने उजेड छान झिरपतो आणि खळीने पटकन चिकटतो. जिलेटीन चमकतं, पण साध्या खळीने त्यावर पकड बसत नाही. घोटीव कागदातून उजेड येत नाही, तो फक्त नक्षीसाठी ठेवावा.

सांगाडा कसा बांधायचा

१. चार-चार कामट्या बांधून चार चौकोन करावेत. यात १६ कामट्या जातात. गाठ बांधताना दोरा फुलीसारखा दोन्ही बाजूंनी फिरवावा.

२. प्रत्येक चौकोनात समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन दोरे ताणून बांधावेत. दोन्ही दोरे सारखे, म्हणजे साधारण २८ सेंमी भरले की चौकोन बरोबर झाला. एक लांब आणि एक आखूड भरला तर चौकोन तिरका आहे. तो इथेच सरळ करावा, नंतर जमत नाही.

३. चारही चौकोन पतंगासारखे टोकावर उभे धरावेत. एकाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला बांधत गोल पूर्ण करावा.

४. आता वर चार टोकं दिसतील. ती उरलेल्यांपैकी चार कामट्यांनी जोडली की वरचा चौकोन तयार होतो. खालची चार टोकंही तशीच जोडावीत. २४ कामट्या इथे संपतात.

५. वरच्या चौकोनातही दोऱ्याची फुली मारावी, नाहीतर सांगाडा हातात पिळतो. खालचा चौकोन मोकळा ठेवावा, बल्ब तिथूनच आत जातो.

सांगाडा जमिनीवर ठेवून पाहावा. डुगडुगला तर कुठली तरी कामटी लांब-आखूड आहे असं समजावं. अशी कामटी बदललेली बरी. नुसती गाठ आवळून ती चूक जात नाही.

खळ आणि कागद

दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर हलवत राहावं. मिश्रण दाट आणि थोडं पारदर्शक झालं की खळ तयार. ती गार झाल्यावरच लावावी. कागदाला कीड लागू नये म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर तो टाळलेलाच बरा. खळ लागेल तेवढीच करावी, शिळी खळ आंबते.

कागद सांगाड्यावर ठेवून पेन्सिलीने आखावा आणि चारी बाजूंनी एक सेंमी जास्त ठेवून कापावा. चार उभे चौकोन आणि त्यांच्यामधले आठ त्रिकोण, असे बारा तुकडे लागतात. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा दिला की आकार उठून दिसतो. खळ कागदाला न लावता कामटीला लावावी. आधी एक कड चिकटवून मग समोरची घ्यावी. फार ताणलं तर कागद फाटतो, सैल सोडलं तर सुरकुत्या पडतात.

खालच्या चौकोनाला झिरमिळ्या लावाव्यात. साधारण ४५ सेंमी लांब कागदाची घडी घालून, वरची तीन सेंमी पट्टी सोडून बाकीच्या बारीक पट्ट्या कापल्या की झालं. उरलेल्या तुकड्यांच्या गोल चकत्या मधोमध दुमडून कडांवर करंजीसारख्या चिकटवता येतात. त्यातूनही कागद उरला तर त्रिकोण कापून सुतळीवर चिकटवावेत, दारावरच्या पताका होतात.

बल्ब आणि वायर : इथे काटकसर नको

या मापाच्या कंदिलात मधोमध टांगलेल्या बल्बच्या मध्यापासून सर्वांत जवळचा कागद साधारण १४ सेंमीवर राहतो. तरीही जुना ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावू नये. तो खूप तापतो आणि वाऱ्याने हलून कागदाला टेकला तर कागद पेटू शकतो. ९ वॅटपर्यंतचा एलईडी पुरतो. आत पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये.

वीजबिलातही फरक पडतो. वसुबारस ते त्रिपुरी पौर्णिमा हे सुमारे १८ दिवस रोज सहा तास दिवा लावला तर ९ वॅटच्या एलईडीला जेमतेम एक युनिट लागतं. ६० वॅटच्या बल्बला तेवढ्याच वेळात साडेसहा युनिट लागतात.

टांगताना या गोष्टी पाळाव्यात :

• कंदिलाचा भार वायरवर टाकू नये. वरच्या चार कोपऱ्यांना सुतळी बांधून त्यावरच तो टांगावा.
• वायरला उघडे जोड नसावेत. जोड द्यावाच लागला तर त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी.
• कंदील पागोळीच्या आत टांगावा. दिवाळीत अनेकदा अवकाळी पाऊस येतो. आभाळ भरून आलं की आधी बटण बंद करावं आणि मगच कंदील उतरवावा.
• अंगणावरून विजेची तार जात असेल तर तिच्या आसपास काठी उभी करून कंदील चढवू नये.

सण संपल्यावर

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील तसाच माळ्यावर टाकला तर खळीच्या वासाने उंदीर आणि झुरळं येतात. कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढावा. कामट्या पुसून दिवसभर सावलीत वाळवाव्यात आणि सांगाडा आढ्याला उंच टांगून ठेवावा. पुढच्या वर्षी गाठी तपासायच्या, सैल असेल तो दोरा बदलायचा आणि नवा कागद चढवायचा. बांबू घरचा असेल तर पहिल्या वर्षीही मोठा खर्च नाही. दुसऱ्या वर्षापासून खर्च उरतो तो चार-पाच पतंगी कागदांचा आणि वाटीभर खळीचा.