कोहोलिंटच्या चौकटी

व्हिडिओ गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात गेलं. रानं, गुहा धुंडाळण्याचा तिथला आनंद त्यांच्या १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’त उतरला. माझ्या मते मात्र तो सगळ्यात दाट साठला त्याच मालिकेतल्या १९९३ च्या ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये, गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राच्या इवल्या पडद्यावर. १६० गुणिले १४४ ठिपके आणि चार छटा, बस्स.

हा खेळ काझुआकी मोरिता यांनी कामाची वेळ संपल्यावर, कुणी न सांगता सुरू केला होता. दिग्दर्शन पुढे ताकाशी तेझुका यांनी केलं. त्या सुरुवातीचा मोकळेपणा खेळातल्या कोहोलिंट बेटावर पावलोपावली भेटतो.

नकाशात १६ गुणिले १६ चौकटी. पाऊल पडेल ती उजळते, बाकी काळोख. मुख्य कथा बाजूला ठेवून मी संध्याकाळच्या संध्याकाळ नुसत्या चौकटी उजळत फिरलो आहे. किनाऱ्यावरच्या मगरीला कुत्र्याचं खाणं दिलं की ती केळी देते. किल्ल्याजवळच्या माकडाला ती केळी दिली की माकडांची टोळी जमते, खंदकावर पूल बांधते आणि एक काठी मागे ठेवून जाते. त्या काठीने पुढे मधाचं पोळं मिळतं!

साधनं वापरायला बटणं दोनच, त्यामुळे कोणती दोन साधनं हाताशी ठेवायची हे आपण ठरवायचं. तलवारसुद्धा बाजूला काढता येते. बॉम्ब आणि धनुष्य एकाच क्षणी दाबले तर स्फोटक बाण सुटतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.