दीव-विजयाच्या फ्लेमिश चित्रजवनिका

पोर्तुगीज हिंदुस्थानचे गव्हर्नर व पुढे व्हाइसरॉय झालेले जुआंव द कास्त्रो (१५००–४८) यांचा दीव येथील विजय आणि गोव्यातील विजयप्रवेश दाखविणारा दहा चित्रजवनिकांचा (टॅपेस्ट्रींचा) संच. विणकाम ब्रसेल्सचे, काळ सोळाव्या शतकाचा मध्य. साहित्य लोकर, रेशीम व जर. सध्या हा संच व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे.

इतिहास : गुजरातचा सुलतान तिसरा महमूदशाह याच्या फौजेने १५४६ मध्ये दीवच्या किल्ल्याला वेढा घातला. वेढ्याचा सूत्रधार खोजा सफर तोफगोळ्याने मारला गेला, तर सुरुंगाच्या स्फोटात कास्त्रो यांचा मुलगा फेर्नांदो ठार झाला. नोव्हेंबरमध्ये स्वतः कास्त्रो यांनी हल्ला चढवून वेढा मोडला. किल्ला पुन्हा बांधण्यासाठी त्यांनी गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, ही कथा प्रसिद्ध आहे. एप्रिल १५४७ मध्ये डोक्यावर विजयमुकुट आणि हातात ताडाची फांदी घेऊन, प्राचीन रोमन सेनापतींच्या थाटात त्यांनी गोव्यात प्रवेश केला. ६ जून १५४८ रोजी गोव्यातच त्यांचे निधन झाले.

परंपरा : फ्लँडर्स व ब्राबांतच्या मागांवर बायबलमधील लढाया आवडीने विणल्या जात. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४४९ मध्ये गिदोनाच्या कथेचा संच विणण्यास दिला. अवघ्या तीनशे माणसांनिशी, रणशिंगे, घडे आणि मशाली घेऊन मिद्यानी छावणीची दाणादाण उडवणारा हा वीर फिलिपच्या ‘गोल्डन फ्लीस’ या सरदारमंडळाचा आदर्श होता. यहोशवा व शौल यांच्या लढायांचेही संच झाले. पुढे राजे समकालीन मोहिमाही विणवून घेऊ लागले. सम्राट पाचव्या चार्ल्सची १५३५ ची ट्यूनिस मोहीम विलेम द पान्नेमाकर याने बारा जवनिकांत विणली. त्या मोहिमेत कास्त्रो स्वतः होते. दीवचा संच याच वळणाचा आहे.

तंत्र : चित्रजवनिकेत चित्र आणि कापड एकाच वेळी तयार होतात. बाणा ताण्याला पूर्ण झाकतो. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर असतो आणि त्या रंगाच्या जागेपुरताच जाऊन माघारी फिरतो. पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वाने उमटतो. ब्रसेल्सच्या आडव्या मागावर मूळ चित्र ताण्याखाली ठेवून विणकर मागच्या बाजूने काम करी, त्यामुळे समोरून चित्र उलटे दिसे. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाऊ नये म्हणून चित्रकाराला आराखडाच उलटा काढावा लागे. १५२८ पासून ब्रसेल्समधील मालाच्या काठावर तांबडी ढाल आणि तिच्या दोन बाजूंना दोन ‘बी’ ही खूण विणणे बंधनकारक झाले.

महत्त्व : कोकण-गुजरात किनाऱ्यावरील घटना युरोपच्या सर्वांत खर्चिक कलाप्रकारात इतक्या विस्ताराने क्वचितच आल्या आहेत. मात्र ही जेत्याची बाजू आहे. किल्ल्याबाहेर लढलेल्या गुजराती, तुर्क व हबशी सैनिकांचे शौर्य आणि गोव्याच्या रहिवाशांवर पडलेला युद्धखर्चाचा बोजा ध्यानात ठेवूनच या संचाचे मोल ठरवले पाहिजे. सोळाव्या शतकातील सत्तेला स्वतःची कोणती प्रतिमा जगापुढे ठेवायची होती, याचा तो अव्वल दर्जाचा पुरावा आहे.