बिऱ्हाड, वखार आणि बुटीक

बेळगावातून हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची असा निघणारा रस्ता शिनोळीपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि चंदगड तालुका ओलांडून आंबोलीचा घाट उतरतो. त्याला बेळगावात सगळे ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतात. या नावातच इतिहास आहे. बेळगावला रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ला हेच आपलं बंदर होतं. मुंबईहून समुद्रमार्गे आलेली माणसं आणि माल तिथे उतरायचा आणि घाट चढून वर यायचा.

आता उलटी वाट आहे. बेळगाव-निपाणीकडची मंडळी सुट्टीला घाट उतरून किनाऱ्यावर जातात. वेंगुर्ल्यापासून पणजीच्या फोंतेन्हास वस्तीपर्यंत जुनी चिरेबंदी, कौलारू घरं नीटनेटकी करून त्यांत पाहुण्यांची सोय केलेली दिसते आणि दाराशी पाटी असते: बुटीक हॉटेल. आपल्याकडे ‘बुटीक’ म्हटलं की बायकांच्या कपड्यांचं, शिलाईकामाचं दुकान. मग राहण्याच्या जागेला हे नाव कुठून आलं?

‘बुटीक’ हा फ्रेंच शब्द. अर्थ, छोटं दुकान. तो आला लॅटिन ‘अपोथेका’वरून आणि ते ग्रीक ‘अपोथेके’वरून. अपोथेके म्हणजे माल नीट ठेवून द्यायची जागा, कोठार. त्याच मुळातून स्पॅनिशमध्ये ‘बोदेगा’ म्हणजे दारूचं तळघर झालं, जर्मनमध्ये ‘अपोथेके’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘बोतिका’ म्हणजे औषधाचं दुकान झालं. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली ‘मॉर्गन्स’ नावाचं हॉटेल निघालं. मोठाली हॉटेलं सर्ववस्तुभांडारासारखी असतील, तर आपलं हे लहान, निवडक मालाचं दुकान, अशा अर्थाने त्याच्या संदर्भात ‘बुटीक हॉटेल’ हा शब्द रूढ झाला.

म्हणजे मुळाशी जाऊन मराठी करायचं तर बुटीकला शब्द एकच, वखार! गुजरातीत ‘वखार’, हिंदीत ‘बखार’ आणि आपल्या भागात तर हा रोजच्या बोलण्यातला शब्द. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी बांधलेल्या वास्तूला लोक आजही ‘डच वखार’ म्हणतात. तिच्या जाड भिंती, कमानी आणि चौकीसारखी बांधणी पाहिली की मालाची राखण किल्ल्यासारखी करत, हे कळतं. आणि निपाणीत वखार म्हटलं की तंबाखू. ज्या गल्लीत तंबाखू चाळायचं काम चालू असतं, तिथे वखार नजरेला पडण्याआधी नाकाला कळते आणि नवख्या माणसाला हटकून ठसका लागतो. बाया तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर त्या धुरळ्यात चाळण्या हलवत असतात. 1981 च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने निपाणीचं नाव देशभर गेलं. त्या आंदोलनातला शेतकरीही याच वखारीच्या दाराशी भावासाठी अडलेला होता. किनाऱ्यावरची शोभिवंत पाटी आणि निपाणीतली धुळीची वखार, दोन्हींच्या नावांचा मूळ अर्थ एकच आहे.

आता ‘हॉटेल’. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि यजमानही. दोघांना एकच शब्द. त्यावरून पाहुण्यांना ठेवून घ्यायची जागा, ‘होस्पिताले’. तिच्यातूनच हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही भावंडं निघाली. यातलं एक भावंड इंग्रजांच्या आधीच आपल्या दारात येऊन बसलं होतं. पोर्तुगीजांकडून आपण घेतलेलं ‘इस्पितळ’ ते हेच. मराठीत मात्र हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळायचं ठिकाण. झोपायला जायचं ते लॉजवर.

पाहुणा आणि यजमान यांना एकच शब्द ही गोष्ट कोल्हापूर-निपाणीकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसाला विचारतात, “कुठलं म्हणायचं पाव्हणं?” सोयरिकीत तर दोन्ही घरं एकमेकांना पाव्हणंच म्हणतात. आलेला पाव्हणं, बसवून चहा देणाराही पाव्हणं. हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ असा उतरत आला. लॅटिनशी त्याचं नातं नाही, पण लॅटिनमध्ये जमलं तेच या मातीत स्वतंत्रपणे जमलं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

प्रवाशाच्या क्रियेवरून पडलेले शब्द त्याहून बोलके आहेत. “कुठं उतरलाय?” असं आपण विचारतो. संस्कृत ‘उत् + तॄ’ म्हणजे पाण्यातून पार होऊन वर येणं. वेदगंगा किंवा दूधगंगा पायी ओलांडता येईल अशी जागा म्हणजे ‘उतार’, ओलांडणारा तो ‘उतारू’. पाणी पार करून आलेला माणूस जिथे थांबला, तिथे तो उतरला, आणि ती जागा झाली त्याचा ‘उतारा’. ‘मुक्काम’ अरबी. त्याचं मूळ उभं राहणं या अर्थाचं आणि ‘कायम’ हा शब्दही त्याच मुळाचा. एका रात्रीची मुक्कामाची एसटी आणि कायमचा पत्ता सांगणारं ‘मु. पो.’ म्हणूनच एका शब्दात मावतात.

आणि ‘बिऱ्हाड’? त्याचं जुनं रूप ‘बिढार’, आणि कन्नडमध्ये ‘बिडार’, म्हणजे उतरायची जागा, तळ. कन्नड ‘बिडु’ म्हणजे सोडणं. काय सोडणं? हे कळायला शब्दकोशापेक्षा बैलगाडी बरी. लांबच्या वाटेवर सावली बघून गाडी थांबवायची, जूं उचलायचं, बैल मोकळे करून पाण्यावर न्यायचे आणि मग तीन दगडांची चूल मांडायची. याला आपल्याकडे ‘गाडी सोडली’ असंच म्हणतात. जिथे गाडी सुटली, तिथे बिऱ्हाड पडलं. अर्थाची ही वाट मला पटते, कारण मराठी आणि कन्नड दोन्ही गाडीवानांची कृती एकच होती आणि तिला दोघांनी ‘सोडणं’च म्हटलं.

कन्नडच्या या देण्याची परतफेडही झाली. बेळगाव, धारवाड, हुबळीत कन्नड पाट्यांवर ‘खानावळी’ लिहिलेलं असतं. जेवणाला कन्नड शब्द ‘ऊट’. ‘खाणे’ हा धातू मराठीचा, म्हणून ही खानावळी आपल्या खाणावळीवरूनच गेली. राहायचा शब्द त्यांनी दिला, जेवायचा आपण दिला. सीमाभागात 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेवरून खूप दुखावलं गेलं आहे आणि मराठीचा हक्क मागणाऱ्यांची व्यथा खरी आहे. पण वाटसरूला आसरा देताना या दोन भाषांनी हिशेब मांडला नाही, याला हे दोन शब्द साक्षी आहेत.

म्हणून जुनी घरं प्रेमाने राखून पाहुण्यांना उघडणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फ्रेंच शब्द वाईट नाही. त्याचं कूळ मोठं आहे. पण वेंगुर्ल्यात ‘वखार’, पणजीत ‘उतारा’ किंवा आंबोलीच्या वाटेवर ‘बिऱ्हाड’ अशी पाटी ठळक लावा आणि तिच्याखाली शब्दाची हकीकत चार ओळींत मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत लिहा. खोली आवडली की पाहुणा ती सगळ्यांना सांगतोच. पाटीवरचा शब्दही मग आपसूक त्याच्या बोलण्यात जाईल, आणि शब्द आजवर असेच एका गावाहून दुसऱ्या गावाला गेले आहेत.