मजरूह सुलतानपुरी : हकीम, शायर, गीतकार

असरारुल हसन खान हे नाव सांगितले तर कुणी ओळखणार नाही. मजरूह सुलतानपुरी म्हटले की मात्र ओठांवर गाणे येते.

त्यांचा जन्म १९१९ चा. वडील पोलीस खात्यात होते. त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेऐवजी मदरशात घातले. तेथे अरबी-फारसी शिकून असरार लखनौला गेले व युनानी हकीम झाले. पण नाडीपरीक्षेपेक्षा मुशायरेच अधिक गाजले.

१९४५ साली मुंबईतील मुशायऱ्यानंतर निर्माते ए. आर. कारदार यांनी गीते लिहिण्याची गळ घातली. सिनेमा हलका वाटल्याने मजरूहनी नकार दिला. उस्ताद जिगर मुरादाबादींनी समजूत घातली, तेव्हा ते राजी झाले. 'शाहजहान' (१९४६) मध्ये सैगल यांनी त्यांची गीते गायिली.

पोटासाठी लेखणी चालवली, तरी मजरूहनी मत विकले नाही. नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेसाठी अटक झाली. माफी मागायला नकार देऊन त्यांनी सुमारे दोन वर्षे तुरुंगवास सोसला. गझलेला सरंजामी ठरवणाऱ्या पुरोगामी मित्रांपुढेही ते वाकले नाहीत.

१९९३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार. २४ मे २००० रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

गझल हीच ते आपली खरी कमाई मानत. पण उर्दू लिपी न येणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मुसलमानांपर्यंत त्यांची जबान पोहोचली ती गाण्यांतूनच. त्या गाण्यांना अदबमध्ये जागा नाकारणे हा कृतघ्नपणाच ठरेल.