जेटवरचा आकडा

माझी १९६५ सालची बुलेट गेला पावसाळाभर झाकून ठेवली होती. दसऱ्याला बाहेर काढली तर चढावर आचके देऊ लागली. प्लग काढला, तो पांढराफटक. गावच्या मेस्ताने कार्बोरेटर उघडला, तर आत पांढरी पूड साचलेली. त्याने मुख्य जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा इवलासा तुकडा, त्यावर आकडा १८०.

हा आकडा म्हणजे इतिहासच आहे. रेडिचच्या रॉयल एन्फिल्डशी भागीदारी करून मद्रास मोटर्सने १९५५ साली एन्फिल्ड इंडिया काढली. कार्बोरेटर अमलचा, मोनोब्लॉक. ही बर्मिंगहॅमची कंपनी १९२७ साली तीन कार्बोरेटरवाले एकत्र येऊन झाली. अमलच्या जेटवरचा आकडा सांगतो, की ठरलेल्या दाबाखाली त्या भोकातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन जाते. म्हणजे तो त्या काळच्या पेट्रोलशी केलेला करार!

पेट्रोल मात्र बदलत गेले. २००० साली त्यातले शिसे गेले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के इथेनॉल आले, २०२२ मध्ये देशभरात १० आणि २०२५ मध्ये २० टक्के झाले. एक किलो निव्वळ पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे जुन्या भोकातून आता इंधन कमी पडते आणि इंजिन तापते. शिवाय इथेनॉल ओल शोषते. आपल्या दमट हवेत त्या पाण्याने जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी खाल्ली. ती पांढरी पूड त्याचीच.

मेस्त म्हणाला, "बाब, गाडी तीच आहे, पेट्रोल ते राहिलं नाही."

मी अडून बसलो होतो. साठ वर्षांच्या गाडीतला मूळ भाग बदलायचा म्हणजे जुन्या देवळाला ऑइल पेंट फासण्यासारखेच वाटत होते. पण जेट तोच ठेवला असता तर एक दिवस पिस्टन गेला असता.

मेस्ताने बॉडी रॉकेलने धुतली. भोके हवेने फुंकून साफ केली. तार घातली तर भोक मोठे होते. जास्त आवळून वाकलेला फ्लँज काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केला. मग १९० चा जेट बसवला आणि सुई एक खाच वर घेतली. फेरी मारून आलो, तर प्लग फिकट तपकिरी.

१८० चा जेट मी कागदात गुंडाळून, त्यावर तारीख लिहून ठेवला आहे. गाडी मात्र चालते आहे.