‘निश्चित पत्ता नाही’ : गिरणगावातला गाळा कसा वाचायचा?

पीएचडीच्या पहिल्या फेरीत मी निरगुडसरला गेलो, तेव्हा हातात छापील प्रश्नावली होती. तिसरा रकाना होता ‘मुंबईतील पत्ता’. गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले एक आजोबा समोर होते. म्हणाले, “करी रोड.” मी विचारलं, “इमारत? खोली नंबर?” “खोली आपली थोडीच होती? गाळ्यात राहायचो आम्ही.” मी रकान्यात लिहिलं, ‘निश्चित पत्ता नाही’. या तीन शब्दांनी माझं अख्खं प्रकरण चुकणार होतं. वस्तीचा इतिहास लिहायला निघालेले आपण बहुतेक जण ही चूक करतो, म्हणून ती इथे मांडतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली. पुढे परळ, लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी हा पट्टा ‘गिरणगाव’ झाला. कोकणातून माणसं आली, तशी घाटावरूनही आली. जुन्नर, आंबेगाव, खेडमधली माणसं गिरण्यांत, हमालीत, भाजीबाजारात आणि डबेवाल्यांच्या कामात शिरली. १२ डिसेंबर १९३० ला विदेशी कापडाच्या ट्रकखाली हुतात्मा झालेले बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे, आणि गिरणी कामगार.

ही माणसं राहायची कुठं? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एका इमारतीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. बाकी गिरणगाव खासगी चाळींचं.

आता ‘गाळा’ म्हणजे काय ते बघू. खोली एकाच्या नावावर, पण राहणारे दहा-पंधरा जण. बहुतेक एकाच गावचे किंवा भावकीतले. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, वर दोरीवर कपडे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकणार. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची, फुटपाथ. जेवण खाणावळीत. ती चालवणारी बाई बहुतेक कामगाराचीच बायको. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे ५२५. हा आकडा नीट वाचा. या खोलीची उरलेली अर्धी बाजू गावाला होती. मनिऑर्डर तिकडे जायची. पेरणी, सुगी, जत्रा आली की माणूस तिकडे जायचा.

इथे साधनांचा प्रश्न येतो. भाडेपावतीवर एकच नाव असतं. जनगणना त्या रात्री कोण होतं ते मोजते. बर्नेट-हर्स्ट यांचं १९२५ चं पुस्तक घ्या, दाटीवाटी आणि रोगराई त्यात दिसते. ती खरीच होती. पण नव्या पोराला गाळ्यात कुणी आणलं, काम सुटल्यावर त्याचा वाटा कुणी भरला, हे त्यातून कळत नाही. राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवलं, की नोकरी लावणारा जॉबर, उधारी देणारा दुकानदार आणि शेजार यांच्यावरच कामगारांचं राजकारण उभं होतं.

१८ जानेवारी १९८२ चा संप घ्या. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. इतके महिने ते टिकले कसे? एक मोठं उत्तर असं, की अनेक जण गावी परतले. म्हणजे मी ज्याला ‘निश्चित पत्ता नाही’ म्हणत होतो, त्या माणसाला दोन पत्ते होते, आणि दोन होते म्हणून तो लढू शकला.

पण गाळ्याचं गोडवं गाऊ नका. जो आधार गाववाल्याला मिळायचा, तोच जातीच्या भिंतीपाशी थांबायचा. गिरणीच्या विणखात्यातही अस्पृश्य मानलेल्या कामगारांना दूर ठेवलं जायचं. तीच रेघ राहण्याच्या जागेवरही ओढलेली होती. आणि गावाला एकट्याने शेत सांभाळणारी बायको तर कुठल्याच नोंदीत गिरणगावची रहिवासी नाही.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी रकाना बघून एकच विचारलं, “भाडं कोण भरायचं?” मला सांगता आलं नाही. परत गेलो, आणि पत्त्याऐवजी चार प्रश्न नेले. खोली कुणाच्या नावावर होती? पैसे कसे वाटून घ्यायचे? नवीन माणूस पहिल्या रात्री कुठं झोपायचा? काम सुटलं तर काय? आजोबा संध्याकाळपर्यंत बोलत राहिले.

आज बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर आहे. ‘पात्र’ म्हणजे कागदावर नाव असलेला. वर्षानुवर्षं गाळ्यात अंग टाकलेल्याचं नाव त्या पावतीवर नाही. निदान आपल्या प्रबंधात तरी तो दुसऱ्यांदा गळू नये. तुमच्या प्रश्नावलीत ‘पत्ता’ हा रकाना असेल, तर फील्डवर जायच्या आधी त्याच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडा.