पाळीचा वाडा आणि तीस टक्के

परवा एका टाइमशेअरवाल्याचा फोन आला. वर्षातला एक आठवडा तुमचा, नाही गेलात तर भाड्याने द्या! म्हटलं, अहो, आमच्या पंढरपूरला ही गंमत जुनीच आहे.

आजोबांचा वाडा चौघा भावांचा. यात्राही चार: चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. एकेका यात्रेत वारकऱ्यांना खोल्या द्यायच्या आणि भाडं ठेवायचं, हा एकेका भावाचा हक्क. आषाढीची कमाई मोठी, म्हणून पाळी दरवर्षी पुढे सरकायची.

टाइमशेअर युरोपात 1960 च्या दशकात रुजलं. पंढरपुरात तर देवळाचं उत्पन्नही पाळीचं होतं. बडवे मंडळी आपसात लिलाव करायची. बोली जिंकणाऱ्याला त्या दिवसाचं देवापुढचं दान. आता ज्याने आधी पैसे घातले तो ते वसूल करणारच, आणि त्याचा जाच भाविकाला. तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग बसला, 1973 मध्ये कायदा होऊन वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. कोर्टकज्जे मात्र सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी 2014 च्या निकालापर्यंत चालले.

पाळीतली खोट आमच्या वाड्यातही होतीच. माघीच्या पाळीत काकांनी पदरचे पैसे घालून कौलं बदलली. कोरड्या छपराखालची आषाढी मिळाली दुसऱ्याला! त्यावरून दोन भाऊ कित्येक वर्षं बोलले नाहीत.

आयकराचा कायदा इथे काय म्हणतो? 1922 च्या कायद्यात घरभाड्यातून दुरुस्तीपोटी सहावा हिस्सा वजा व्हायचा. वसुलीचा खर्च, विमा वेगळे. 2001 च्या अर्थसंकल्पानंतर हे सगळं सुटसुटीत झालं: भरलेली घरपट्टी आधी वजा करा, उरलेल्याच्या सरसकट 30 टक्के सूट, कर्जाचं व्याज वेगळं. 2025 च्या नव्या कायद्यातही 30 टक्केच आहेत. म्हणजे कौलांवर कितीही घाला किंवा एक खिळाही ठोकू नका, सूट तेवढीच. (जेवणखाण देऊन लॉजसारखा धंदा केलात तर हिशेब धंद्याचा, तिथे खरा खर्च धरतात.)

आणि मालकांचे हिस्से ठरलेले असतील तर उत्पन्न हिश्श्यानेच मोजतात. आषाढी कुणाचीही असो, प्रत्येकाच्या नावावर चौथा भाग. कायद्याला पाळी दिसत नाही, मालकी दिसते.

टाइमशेअरमध्ये नेमकं उलटं. तिथे सहसा घराची मालकी नसतेच, फक्त राहायचा हक्क. मग भाडं आलं तर ही 30 टक्क्यांची सूट नाही. ते 'इतर उत्पन्न', आणि त्या कमाईसाठीच केलेला खर्च तेवढा वजा. तेव्हा पावत्या जपा!

यंदा चुलत भावंडांना मी मेल टाकलाय: चारही यात्रांचं भाडं एका खात्यात, आधी वाड्याचा खर्च, मग चार वाटे. एकाचं उत्तर आलं, "आषाढी माझी आहे रे यंदा."

असो. पुढच्या वर्षापासून तरी!